सहा वाजून सात मिनिटं

अंबुजाक्कांना खाली बसलेलं मी आठ वर्षांत एकदाच पाहिलं. तेही जेमतेम अर्धा मिनिट, आणि त्याला कारण मी होतो. ही काही अभिमानानं सांगायची गोष्ट नाही. पण माझ्या नावावर अभिमानाच्या गोष्टी इतक्या कमी आहेत, की जे आहे तेच सांगतो.

डॉ. अंबुजा राव म्हैसूरच्या आमच्या इस्पितळात औषधांवर संशोधन करायच्या. रक्ताच्या कॅन्सरचे रोगी, त्यातही ज्यांच्या अंगात दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचं रोपण केलं आहे असे, यांच्या रक्तात औषध किती पोचतं, किती वेळ टिकतं, हा त्यांचा विषय. परिषदांत त्या हे चाळीस मिनिटं सांगायच्या, आणि कॉरिडॉरमध्ये एका दमात. "कमी पडलं तर आजार मारतो, जास्त झालं तर आपण मारतो. मधे एवढी गल्ली आहे, अष्टे, बस्स!" 'एवढी' म्हणताना अंगठा आणि तर्जनी यांच्यात त्या जी फट धरत, तिच्यातून पोस्टकार्डसुद्धा गेलं नसतं.

त्यांचं घराणं चार पिढ्या म्हैसूरचं. त्यांचं मराठी घरात जपलेलं, पण इतकी वर्षं कानडीच्या शेजारी ठेवल्यानं तिचा वास लागलेलं. मी सोलापूरचा. बायकोला इथे नोकरी लागली तेव्हा सामानाबरोबर मीही आलो, आणि संख्याशास्त्राच्या पदवीवर अक्कांच्या खात्यात नोंदी ठेवायला लागलो. त्यांनी माझं नाव पहिल्याच दिवशी विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला 'सोलापूर' म्हणायला सुरुवात केली. "ए सोलापूर, बेग ये, लवकर!" अशी हाक जिन्यात घुमली की नवे रोगी एखादी गाडी लागली असेल म्हणून उठून उभे राहायचे.

अक्कांच्या खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर फायली बसत. डबा त्या उभ्यानं खात, तोही फेऱ्या मारत. दहीभात खिडकीपाशी सुरू व्हायचा आणि दारापाशी संपायचा. स्कूटर चालवताना एकदा लावलेला इंडिकेटर बंद करायला त्यांना कधी सवड झाली नाही; डावीकडचा दिवा फडफडत असताना त्या उजवीकडे वळत, आणि मागचे लोक कानडीत जे काही म्हणत ते त्यांच्या कानावर जायच्या आत त्या पुढच्या चौकात असत. खात्याची सहल तलकाडला गेली होती, तेव्हा आम्ही सगळे वाळूतली देवळं बघत होतो आणि अक्का मनगटावरचं घड्याळ. बाटलीतलं पाणी वाळूवर ओतून ते किती सेकंदांत दिसेनासं होतं ते मोजत होत्या. "बघ, पहिल्यांदा भरभर, मग हळू. औषधाचं असंच." मी म्हटलं, अक्का, आज रविवार आहे. त्या म्हणाल्या, "वाळूला माहीत आहे काय?"

पहिल्याच आठवड्यात माझी पहिली हजेरी झाली. वॉर्डात रोज सकाळचं औषध चढवण्याआधी प्रत्येकाच्या रक्ताचा नमुना घेत. मी कागद नीट भरले होते. चौदा रोगी, चौदा नमुने, चौदा वेळा, सुवाच्य अक्षरात.

"सगळे सहा वाजता?"

"हो अक्का. वेळ सहाचीच ठरली आहे."

"ठरली आहे ते मला पण माहीत. झाली किती वाजता? चौदा माणसं, एक सिस्टर, तिला हात दोन. चौदा जणांचं रक्त सहाच्या ठोक्याला? येन् काय, देवी आहे ती, अठरा हातांची?"

त्या कागद परत माझ्या हातात कोंबत म्हणाल्या, "शून्यावर संपणारी वेळ घड्याळातली नसते सोलापूर, मनातली असते. मला घडलेली वेळ पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वॉर्डात घड्याळ धरून उभा. पहिल्या नमुन्यासमोर लिहिलं : सहा वाजून सात मिनिटं. त्या आकड्याकडे मी इतक्या कौतुकानं पाहत राहिलो, की पुढचे दोन नमुने कधी घेतले ते कळलंच नाही.

माझा सरळपणा पंधरा दिवस टिकला. मग थंडी पडली. मी साडेसहाला उठून, कॉफी पिता पिता, घरूनच वेळा लिहायला लागलो. सहा-तीन, सहा-अकरा, सहा-सतरा. आकडे इतके खरे वाटत की मीही त्यांच्यावर विश्वास ठेवायला लागलो होतो. महिन्याअखेरीस अक्का कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या.

"थंडी पडल्यापासून एकही वेळ शून्यावर नाही, पाचावर नाही. एकही!"

"हो अक्का, तुम्हीच सांगितलं होतं..."

"खऱ्या वेळेला शून्याचं वावडं नसतं रे. ती कधी कधी शून्यावर पण येते, बिचारी. वावडं खोटं बोलणाऱ्याला असतं. आणि तू म्हणे संख्याशास्त्र शिकलास!"

त्या दिवसापासून थंडीतही मी वॉर्डात. मफलर गुंडाळून.

आता बीटरूटचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रोपणाच्या रोग्याच्या छातीत एक नळी बसवलेली असते. बाहेर तिचे दोन फाटे : एक लाल, एक पांढरा. आमच्याकडे पांढऱ्यातून औषध आत जाई आणि लालमधून तपासणीचं रक्त बाहेर येई. रंगसुद्धा असे की माझ्यासारख्याच्याही लक्षात राहावेत. वॉर्डात नवी सिस्टर आली की अक्का घरून स्टीलच्या फ्लास्कमध्ये बीटरूटचं पाणी आणत. न वापरलेल्या नळीतून ते पाणी सोडत, मग स्वच्छ पाण्यानं नळी दोनदा धूत, आणि त्याच फाट्यातून परत पाणी ओढत. ते गुलाबीच येई.

"दिसलं? बीटरूट गेलं असं आपण म्हणतो. ते प्लास्टिकला धरून बसलंय. औषध असंच धरून बसतं. त्याच नळीतून रक्त घेतलं तर आकडा रोग्याचा येत नाही, नळीचा येतो."

हा प्रयोग मी आठ-दहा वेळा पाहिला. फ्लास्क धुवायचं काम माझ्याकडे असे.

आणि रांगोळी. आम्ही मोजत होतो ते औषध रोपणानंतर फार महत्त्वाचं. दुसऱ्याच्या पेशी पाहुण्या म्हणून आत येतात, आणि त्यांना आवरलं नाही तर त्या घरच्यांवरच उलटतात. कातडी, आतडी, यकृत, जे हाती लागेल ते. औषध त्यांना आवरून धरतं. पण जास्त झालं तर मूत्रपिंडं दुखावतात, आणि हात थरथरायला लागतात. म्हणून अक्का रोज सकाळी प्रत्येक रोग्याला कागद-पेन्सिल देऊन ठिपक्यांची रांगोळी काढायला लावत. सातावर सात चुक्क्या, म्हणजे ठिपके, आणि त्यांच्याभोवती हात न उचलता एक रेघ. इथल्या बायकांना ती डोळे मिटून येते. पुरुष आधी लाजायचे. एका लॉरीवाल्यानं काढलेली रांगोळी पाहून अक्का म्हणाल्या होत्या, "घाट कुठला हा? मडिकेरीचा?"

जोडीला तुलनेसाठी एक निरोगी हात हवा म्हणून रोग्याच्या खोलीच्या काचेबाहेर उभा राहून मीही तीच रांगोळी काढायची, असं ठरलं. निरोगी म्हणून निवड होणं हा मला आयुष्यात मिळालेला एकमेव पुरस्कार. दोन्ही कागद एकमेकांना टाचून, खाली औषधाचा आकडा लिहून, फाइलला. परदेशातून आलेल्या एका पाहुण्या डॉक्टरांनी ती फाइल तासभर चाळली होती आणि जाताना एक कागद मागून घेतला होता. लॉरीवाल्याचा.

चंद्रिका आली ती कृष्णराजनगरहून. सव्वीस वर्षांची, ब्लाउज शिवणारी. धाकट्या भावानं तिला मज्जा दिली होती. वडील रोज पहिल्या बसनं येत आणि कॉरिडॉरमधल्या बाकाच्या टोकाला अंग चोरून बसत, जसं काही उरलेलं बाक कुणीतरी राखून ठेवलं आहे. चंद्रिकाची रेघ म्हणजे मशीनवर मारलेली टीप. काचेतून माझा कागद पाहून ती म्हणायची, "सर, चुक्क्यांना न विचारताच काढलं वाटतं तुम्ही."

रोपणाला बारा दिवस झाले होते. भावाच्या पेशी तिच्या अंगात रुजायला नुकती सुरुवात झाली होती. औषध अचूक हवं ते नेमकं ह्याच दिवसांत.

त्या गुरुवारी सोलापूरच्या गाडीनं माझ्या सासूबाई यायच्या होत्या. स्टेशनवर जावई दिसला नाही तर पुढचे पंधरा दिवस काय होतं ते मला एकदा कळलेलं होतं. चंद्रिकाच्या खोलीत नवी सिस्टर होती, रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. ती म्हणाली, "सर, लाल अडतीये. दहा मिनिटं द्या, धुऊन बघते."

मी घड्याळ पाहिलं. नमुन्यासाठी नाही, सासूबाईंच्या गाडीसाठी.

"घे गं पांढरीतून. रक्त ते रक्त."

"चालेल ना सर?"

"चालेल."

फ्लास्क धुणारा माणूस हे बोलला.

कागदावर 'नळी : लाल' असं छापलेलंच होतं. मी त्यापुढे फक्त वेळ लिहिली. सहा वाजून बारा मिनिटं. वेळ अगदी खरी होती.

चार वाजता आकडा आला, असायला हवा त्याच्या तिप्पट. गुरुवारी दुपारी अक्का कॉलेजात शिकवायला जात. रोपणाचे डॉक्टर पोन्नप्पा यांनी, कुणीही केलं असतं तेच केलं : संध्याकाळचं औषध थांबवलं, शुक्रवार सकाळचं थांबवलं, आणि पुढे निम्मा डोस लिहून ठेवला. मला हे शुक्रवारी सकाळी रांगोळी काढताना कळलं. उरलेली रांगोळी मी कशी काढली ते आठवत नाही.

अक्का आल्या त्या आकडा वाचतच. काचेतून चंद्रिकाचा कागद पाहिला. रेघ सरळ, टीप मारलेली.

"हा आकडा हिचा नाही," त्या म्हणाल्या. "तिप्पट औषध अंगात असतं तर ही रेघ मडिकेरीला गेली असती. सोलापूर, नळी कुठली?"

"लाल, अक्का. नेहमीचीच."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं, की माझा मलाच मत्सर वाटला. सिस्टरची साप्ताहिक सुट्टी होती. ती गावाला गेली होती, फोन लागत नव्हता. तिला विचारता येत नव्हतं, आणि मला विचारून झालं होतं.

मग अक्का सुटल्या. स्वतः चंद्रिकाच्या हाताच्या शिरेतून नवा नमुना घेतला. यंत्राच्या खोलीत जाऊन कालचं पुन्हा मोजायला लावलं; तिप्पटच आलं. दुसरी कुठली औषधं चालू आहेत ती तपासली. जिना चढल्या, उतरल्या, चढल्या. पोन्नप्पांना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"पूर्ण डोस चालू करा. आकडा खोटा आहे."

"मॅडम, पुरावा?"

"रांगोळी."

"रांगोळीवर मी औषध देऊ? मूत्रपिंडं गेली तर रांगोळी दाखवू घरच्यांना?" त्यांचंही बरोबर होतं. "सकाळचा नमुना घेतलाय ना तुम्ही?"

"तो कमीच येणार की! दोन वेळा औषध दिलंच नाही. तुम्ही म्हणणार, बघा, उतरलं, निम्म्यानं सुरू करू. आणि निम्म्यावर तिच्या भावाच्या पेशी सुम्ने, गप्प बसतील काय?"

मी हे ऐकत दोन पावलांवर उभा होतो. हातात फाइल होती. त्या आकड्याला पुराव्यासकट खोटा म्हणू शकेल असा माणूस अख्ख्या इस्पितळात एकच होता, आणि तो फाइलच्या मागे लपला होता.

शेवटी अक्का चंद्रिकाच्या वडिलांकडे वळल्या. पपनस, म्हणजे इकडचं चक्कोत, ह्या औषधाला अंगातून लवकर जाऊ देत नाही. शक्यता थोडीच होती, पण अक्का थोडीही सोडणाऱ्या नव्हत्या. "घरून चक्कोत आणून दिलंत काय? रस? एक फोड? खरं सांगा!" त्यांचा आवाज चढला होता. ते बाकावरून उठले, खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. "नंजुंडेश्वराची शपथ अम्मा, काही नाही दिलं." अक्का निघून गेल्या, पुढची शक्यता शोधायला. ते तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे पाहून अगदी हळू विचारलं, "सर, मी सोमवारी पोरीला नुसता वास दिला होता. काचेतून. अंगणातल्या झाडाचं आहे म्हणून दाखवलं. त्यानं झालं असेल काय?"

काचेतून वास.

मी अक्कांच्या खोलीत गेलो. त्या खिडकी ते दार, दार ते खिडकी चालल्या होत्या, डबा न उघडता.

"अक्का, पांढरी."

त्या थांबल्या. खुर्चीवरच्या फायली हातानं बाजूला ढकलल्या, चार खाली पडल्या, आणि अक्का बसल्या. मी भिंतीकडे बघत राहिलो. रस्त्यावर एक रिक्षा सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत होता. रिक्षा सुरू झाली तेव्हा अक्का उठल्या.

"एक वाजून सव्वीस. लिही. काय घडलं ते लिही, खाली सही कर, पूर्ण नाव." आणि त्या जिन्यावर. मी लिहून कागद घेऊन पोचेपर्यंत त्यांनी पोन्नप्पांना फोन केला होता. पोन्नप्पांनी माझा कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ड्यूटीवरच्या सिस्टरला म्हणाले, "पूर्ण डोस. आत्ता."

मला वाटलं, आता माझी पाळी. मी बोलणी खायला मान खाली घालून तयार होतो. त्या बाबतीत माझा सराव चांगला आहे. अक्का एवढंच म्हणाल्या, "बीटरूट मी सुम्ने, उगीच आणत नाही, सोलापूर. मला हे कुणी शिकवलं नाही. माझं मीच शिकले, अशाच एका आकड्यावरून." निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्यावर दुसरं वाक्य काढलं नाही आणि मलाही विचारायचं धाडस झालं नाही. मग म्हणाल्या, "जा. त्या वडलांना सांग. कानडीत."

माझं कानडी भाजीबाजारापुरतं. तेवढ्यात मी जे बसेल ते बसवलं : चूक माझी, नळी दुसरी, आकडा खोटा, औषध दोनदा चुकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी विचारलं, "म्हणजे चक्कोत नाही ना?" नाही म्हटलं. मग टॉवेल परत खांद्यावर टाकत, "आता बरोबर झालं काय?" मी हो म्हटलं, आणि म्हणताना कळलं की हे मला माहीत नाही.

त्यानंतर आठव्या दिवशी चंद्रिकाच्या तळहातांवर लाल पुरळ आलं. भावाच्या पेशी कुरकुरायला लागल्याची खूण. सौम्य होतं, वाढीव औषधांनी तीन आठवड्यांत गेलं. त्या तीन आठवड्यांत मी वॉर्डात सहाच्या आधी पोचत होतो आणि कुणी न सांगता तिचे हात पाहून येत होतो. एकदा अक्कांना विचारलं, "माझ्यामुळे आलं का हे?"

"सांगता येत नाही. औषध बरोबर असून पण येतं कधी."

"पण..."

"सांगता येत नाही, असं लिहून ठेव. 'माझ्यामुळे' लिहू नको, 'माझ्यामुळे नाही' असं पण नको. दोन्ही शून्यावर संपणाऱ्या वेळा आहेत."

चंद्रिका आता तपासणीला तीन महिन्यांनी येते. माझ्या शर्टाची बटणं पाहून नाक मुरडते. तिच्या अंगणातलं पपनस तिच्या वडिलांनी एकदा माझ्यासाठी आणलं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून. मला ते खाववलं नाही. बायकोनं खाल्लं, गोड होतं म्हणाली.

अक्का गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांच्यासाठी मखमली खुर्ची मांडली होती. त्या तिच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या भाषणाच्या मध्यावर दिसेनाशा झाल्या. मला त्या सापडल्या खाली, स्कूटरपाशी. पायाशी रांगोळ्यांच्या फायलींची पिशवी.

"ही तुझ्याकडे. आणि ते सुंदर सुंदर कागद वर लावू नको, लॉरीवाला पण राहू दे."

मी सगळ्यात आधी तो शुक्रवार काढला. डावीकडे चंद्रिकाची रेघ, सरळ. उजवीकडे माझी, ठिपके सोडून वेडीवाकडी धावलेली. खाली अक्कांच्या अक्षरात : आठ वाजून त्रेचाळीस. रोगी : हात स्थिर. सोलापूर : हात हलतोय. का?

"अक्का, तुम्हाला सकाळीच कळलं होतं?"

"आकडा खोटा, एवढं कळलं होतं. तुझा हात सासूबाईंमुळे पण हलला असेल, मी काय सांगू?" त्यांनी हेल्मेट चढवलं. "पुन्हा विचारायचं असं ठरवलं होतं. त्याआधी तूच आलास. बरं झालं."

स्कूटर सुरू झाली. फाटकापर्यंत गेल्या, थांबल्या, मागे वळून ओरडल्या. पहारेकरी, रिक्षावाले, नंजनगूडच्या बसला निघालेले नातेवाईक, सगळे बघायला लागले.

"सोलापूर! उद्याचं रक्त कुठल्या नळीतून?"

"लाल, अक्का!"

"किती वाजता?"

मी छाती भरून ओरडलो, "सहा वाजून सात मिनिटांनी!"

अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. हेल्मेटवर टक्कन आवाज झाला.

"अय्यो! घडली नाही अजून ती वेळ, आणि मिनिटासकट सांगतोस!"

आणि डावीकडचा दिवा फडफडवत त्या उजवीकडे वळल्या.